पुलंच्या विनोदाच्या कमाईतून उभं राहिलं 'मुक्तांगण'

पुलंची पुस्तकं म्हटली की वसंत सरवटेंची व्यंगचित्रंही डोळ्यांसमोर येतात. या जोडीने महाराष्ट्राला पोट धरून हसवलं. पण त्या हसण्यातून आलेला पैसा कुठे गेला?

पु. ल. देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईतला. 'बटाट्याची चाळ'चे त्यांचे एकपात्री प्रयोग तुफान चालले. प्रयोगांच्या आणि पुस्तकांच्या कमाईतला मोठा वाटा पुलं आणि सुनीताबाईंनी प्रतिष्ठानमार्फत समाजकार्याला दिला.

अनिल अवचटांचे गर्दच्या व्यसनावरचे लेख वाचून दोघं हादरले. त्यांनी १ लाख रुपये दिले आणि १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

१२ जून २००० रोजी पुलं गेले. मुक्तांगणातून बरी होऊन माणसं आजही घरी परततात.