दोष कोठे आहे? : बंदूककार जॉन ब्राउनिंग

चरित्र म्हटले की आपल्याला संत, समाजसुधारक, देशभक्त आठवतात. बंदुका घडविणाऱ्या माणसाचे चरित्र वार्षिकांकात कशाला, असे कोणी विचारील. परंतु जॉन मोझेस ब्राउनिंग याचे सारे शिक्षण दुरुस्तीच्या दुकानात झाले, म्हणून मला त्याच्याविषयी लिहावेसे वाटले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझे वडील शेतावरची ऑइल इंजिने दुरुस्त करतात. यंत्र खोलणे कोणालाही जमते, खरी परीक्षा ते पुन्हा बसवताना असते, हे मी त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकत आलो आहे.

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील युटा प्रांतात ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन हे बंदुकांचे कारागीर. पंधराव्या वर्षाच्या सुमारास जॉनची शाळा संपली आणि दुकान हीच त्याची शाळा झाली. दुरुस्तीच्या दुकानात धड चालणारी वस्तू येत नाही. येते ती अडलेली, मोडलेली, नाही तर चुकीची जोडलेली. दोष कोठे आहे, हा एकच प्रश्न तेथे रोज सोडवावा लागतो. १८७९ साली वडील वारले. त्याच वर्षी जॉनला पहिले पेटंट मिळाले. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने त्या रायफलीचे हक्क आठ हजार डॉलरना विकत घेतले. पुढे बरीच वर्षे तो आपले नमुने याच कंपनीला देत राहिला.

१९०० साली त्याने आपोआप भरल्या जाणाऱ्या शिकारी बंदुकीचे पेटंट मिळविले. या वेळी त्याने प्रत्येक नगामागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरशी जमले नाही. जानेवारी १९०२ मध्ये तो रेमिंग्टन कंपनीच्या कचेरीत गेला. तो भेटीची वाट पाहत असतानाच अध्यक्ष हार्टली हृदयविकाराने वारले. मग त्याने बंदूक घेऊन थेट बेल्जियम गाठले. तेथे लिएजजवळच्या एर्स्ताल येथील एफ. एन. कारखान्याने ती स्वीकारली. हीच पुढे ‘ऑटो-५’ म्हणून प्रसिद्ध झाली आणि १९९८ पर्यंत निघत राहिली.

तिची रचना मोठी गमतीची आहे. बार उडाला की धक्क्याने नळी आणि बोल्ट एकत्र मागे सरकतात. नळी आधी पुढे परतते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि मागोमाग बोल्ट नवे काडतूस आत ढकलतो. धक्का आवरण्यासाठी नळीखाली स्प्रिंग, काशाचा ब्रेक आणि एक पोलादी कडे असते. जड काडतुसांसाठी हे कडे स्प्रिंगच्या पुढे, उतरती कड ब्रेकला भिडेल असे बसवायचे; हलक्या काडतुसांसाठी ते स्प्रिंगच्या मागे ठेवायचे. साफसफाईनंतर येथेच गफलत होते. जडाची जोडणी ठेवून हलके काडतूस वापरले, तर नळी पुरती मागे जात नाही आणि बंदूक अडते. उलट केले, तर बंदूक चालते, पण धक्के खाऊन पुढचे लाकूड तडकते. तेल जास्त झाले तरी ब्रेक घसरतो. म्हणजे बंदुकीत खोट नसते, जोडणाऱ्या हाताकडून चूक झालेली असते.

विंचेस्टरची गोष्ट वेगळी. ब्राउनिंगच्या पेटंटमुळे त्यांना आपल्या १९११ सालच्या बंदुकीला बोल्ट ओढण्याची मूठ लावता आली नाही; नळीच हाताने मागे ओढावी लागे. काडतूस अडकले की लोक दस्ता जमिनीवर टेकून नळी खाली दाबत. तोंड स्वतःकडेच असे आणि बार उडे. यात माणसे दगावली. चूक करणाऱ्याचीच असे आपण म्हणू, पण चुकीला वाट रचनेनेच करून दिली होती.

तिसरा प्रश्न याहून अवघड आहे. १९१४ साली साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजांवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते ब्राउनिंगच्याच रचनेचे होते व एर्स्तालला तयार झाले होते. त्याच्या मशीनगननीही युद्धे लढली गेली. पिस्तूल अगदी बिनचूक चालले. दुकानातल्या कोणत्याही हत्याराने हा दोष दुरुस्त होण्यासारखा नव्हता. त्याच्या हुशारीचे कौतुक करताना हे विसरावे, असे मला वाटत नाही.

ब्राउनिंगच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एर्स्तालच्या कारखान्यात, कामावर असतानाच तो वारला. त्याच्या शेवटच्या दुनळी बंदुकीचे काम अपुरे होते; ते मुलगा व्हॅल याने पूर्ण केले. यंत्र अडले की दोष कोठे आहे हे शोधण्याची विद्या ब्राउनिंगला वडिलांच्या दुकानात मिळाली. यंत्र नीट चालत असतानाही तोच प्रश्न विचारणे, हे मात्र आपणा शिकणाऱ्यांचे काम आहे.