व्यासपीठ उभारणारे न्यायमूर्ती

गणेशोत्सवात आरती-प्रसादानंतर व्याख्यान ठेवण्याची रीत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मराठी माणूस पोटापाण्यासाठी जिथे जिथे स्थिरावला, तिथे गणपतीबरोबर व्याख्यानमालाही गेली. 1893 मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. पण मराठीतून नियमाने भाषणे व्हावीत आणि लोकांनी ती ऐकावीत, ही सवय पुण्यात त्याआधीच रुजू लागली होती. ती लावण्यात मोठा वाटा होता न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा.

माधवरावांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाडला झाला. बालपण कोल्हापुरात गेले. मूल अबोल आणि संथ, त्यामुळे याचे पुढे कसे होणार, अशी चिंता घरच्यांना वाटे. तोच मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेला, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक ठरला आणि 1871 मध्ये न्यायाधीश होऊन पुण्यास आला.

पुण्यात सार्वजनिक सभा नुकतीच स्थापन झाली होती. सरकारपुढे गाऱ्हाणे मांडायचे तर अभ्यास हवा आणि तो चार लोकांत नीट सांगता यायला हवा, हे रानड्यांनी ओळखले. 1875 च्या उन्हाळ्यात त्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आज ती ज्या संस्थेतर्फे चालते तिचे नावच मुळी वक्तृत्वोत्तेजक सभा. इतिहास, अर्थकारण, धर्म, विज्ञान असे विषय मराठीतून सामान्य श्रोत्यांसमोर येऊ लागले. शिकलेल्या माणसाने आपली विद्या आपल्या भाषेत परत द्यावी, हा त्यामागचा भाव होता.

रानडे स्वतः फड जिंकणारे वक्ते नव्हते. भरदार देह आणि अधू दृष्टी घेऊन ते उभे राहत व शांतपणे मुद्द्यामागून मुद्दा मांडत. टाळ्यांसाठी त्यांनी वाक्य फेकले नाही. त्यांच्या भाषणाचे बळ तयारीत असे. 1892 मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर दिलेले व्याख्यान अभ्यासक आजही वाचतात. तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडूनही त्यांनी तशीच मेहनत करून घेतली. आकडा तपासल्याशिवाय बोलायचे नाही, हा धडा गोखल्यांनी पुढे कायदेमंडळापर्यंत नेला.

बोलण्याची किंमतही रानड्यांनी मोजली. 1875 मध्येच स्वामी दयानंद सरस्वतींची व्याख्याने पुण्यात झाली. त्यांच्या सन्मानार्थ निघालेल्या मिरवणुकीत रानडे आणि जोतीराव फुले दोघेही होते. विरोधकांनी चिखलफेक केली, रानड्यांचे कपडे माखले, तरी ते मिरवणूक सोडून गेले नाहीत. 1895 च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषद त्याच मांडवात भरवण्यास मोठा विरोध झाला. रानड्यांनी हट्ट सोडला आणि परिषद दुसरीकडे भरवली. मांडव सुटला, पण परिषद थांबली नाही.

मात्र एका ठिकाणी त्यांचे बोलणे आणि वागणे यांत अंतर पडले, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, 1873 मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून 11 वर्षांच्या मुलीशी विवाह केला. सुधारक मंडळींनी त्यांना बोल लावले आणि तो बोल योग्यच होता. पुढे त्यांनी जे केले त्याने ती चूक पुसली जात नाही, पण तेही सांगायला हवे. त्यांनी रमाबाईंना घरातल्या बायकांचा रोष पत्करून मराठी आणि इंग्रजी शिकवले. नाशिकच्या शाळेतील समारंभात त्या प्रथम बोलल्या, तेव्हा भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. पुढे रमाबाईंना कोणी लिहून देण्याची गरज उरली नाही. पुण्याच्या सेवासदनाच्या त्या आधारस्तंभ झाल्या आणि पतीच्या सहवासाच्या आठवणी त्यांनी स्वतःच्या लेखणीने लिहिल्या.

16 जानेवारी 1901 रोजी रानडे गेले. त्यांची वसंत व्याख्यानमाला मात्र पुण्यात आजही भरते.

महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घरांत मराठी स्वयंपाकघरात टिकते, देवघरातही टिकते. पण एखादा अवघड विषय चार लोकांत मराठीतून मांडायची वेळ आली की मुले अडखळतात. यंदा मंडळाच्या मंचावर एखादे मूल चाचरत पाच मिनिटे बोलले, तर ते शेवटपर्यंत ऐकून घेऊया. माधवरावही लहानपणी अबोलच होते.