विकारविलसितकार आगरकर : सूडनाट्याच्या संदर्भात एक चरित्रविचार

गोपाळ गणेश आगरकर यांच्या चरित्राचा विचार बहुधा 'सुधारक'कर्ते म्हणून केला जातो आणि 'विकारविलसित' (१८८३) हे त्यांनी केलेले हॅम्लेटचे भाषांतर ग्रंथसूचीतील नोंदीपुरते उरते. ही उपेक्षा योग्य नाही. बुद्धिप्रामाण्य हेच ज्याचे व्रत, त्याने पित्याच्या पिशाचाने घातलेल्या सूडाच्या आज्ञेवर उभे असलेले नाटक ऐन उमेदीत का निवडावे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यापासून तोडून सुटत नाही.

कऱ्हाडजवळील टेंभू येथे १४ जुलै १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला. घरचे दारिद्र्य विलक्षण होते. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे शिक्षणासाठी फिरत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. तेथेच टिळकांशी स्नेह जुळला. मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नये, असे आईला पत्राने कळवून त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलचा मार्ग धरला. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला, तेव्हा त्याचे संपादकत्व त्यांच्याकडे आले.

यानंतरचे कोल्हापूर प्रकरण आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून देखरेखीखाली ठेवले होते. त्यांचा छळ होत असून त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा आरोप 'केसरी' व 'मराठा' यांनी केला. ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त करूनही खटला चालला आणि जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. पैकी एकशे एक दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी स्वतंत्र पुस्तकात लिहिली. पुढच्याच वर्षी 'विकारविलसित' प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षअखेर ते अभागी महाराज अहमदनगरला पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत मरण पावले.

वेडा ठरविलेला राजपुत्र, भोवतालच्यांवर अन्यायाचा संशय आणि पुराव्याची शंकास्पदता हे सारे हॅम्लेटच्या कथानकात जसेच्या तसे आहे. आगरकरांनी हे साम्य मनात धरूनच भाषांतर केले, असा दावा मी करणार नाही. तथापि ज्याने न पारखलेल्या पुराव्यापायी तुरुंग भोगला, त्याला पिशाचाच्या साक्षीवर विसंबण्यास नकार देऊन नाटकातील नाटकाने चुलत्याची परीक्षा पाहणारा हॅम्लेट परका वाटला नसावा. अंबाजोगाईच्या पदव्युत्तर वर्गात हे नाटक शिकविताना दरवर्षी एक प्रश्न येतोच : राजपुत्र राजाला लगेच का मारीत नाही? भित्रेपणा हे त्याचे उत्तर नव्हे. प्रथम त्याला खात्री हवी असते. खात्री पटल्यावर प्रार्थनेत गुंतलेला क्लॉडिअस समोर सापडतो, तेव्हा अशा क्षणी मेल्यास तो सद्गतीला जाईल म्हणून हात आवरला जातो. येथे न्यायबुद्धीची जागा द्वेषाने घेतलेली आहे. याउलट पोलोनिअसचा मुलगा लेअर्टिस पुरावा न तपासता शस्त्र उचलतो आणि क्लॉडिअसच्या हातचे बाहुले होतो. एक विचाराने अडतो, दुसरा अविचाराने फसतो, आणि मरतात दोघेही.

आगरकरांनी दिलेले नाव या दृष्टीने पाहावे. सूड किंवा पिशाच यांपैकी कोणताच शब्द त्यात नाही. विकारांचा विलास, म्हणजे मनातील खळबळीचा खेळ, त्यांनी प्रधान मानला. कथानकाला गती देणारे कारण दैवातून काढून माणसाच्या अंतःकरणात ठेवण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो पुढील आगरकरांशी पूर्णतः सुसंगत आहे.

एक अडचण मात्र राहते. राणी गरट्रूडच्या घाईच्या पुनर्विवाहाविषयी हॅम्लेटला जी किळस वाटते, तिचे काय? मूळ नाटकात आक्षेप दिराशी लग्न आणि शोकाची अल्पता यांवर आहे. १८८३ च्या उच्चवर्णीय मराठी वाचकाला मात्र विधवेचे लग्न हाच अपराध वाटणार. पुढे ज्याने 'सुधारका'तून विधवाविवाहाचा पुरस्कार केला, त्याच्याच लेखणीतून ही किळस मराठीत यावी, हा विरोधाभास अभ्यासकांनी टाळू नये. माझ्या मते शीर्षकातील 'विकार' हा शब्द दोष विवाहावरून काढून वासनेवर ठेवतो. पण प्रेक्षागृहात तो भेद कितपत टिकला असेल, याविषयी मी साशंक आहे.

उर्वरित चरित्र थोडक्यात सांगता येते. १८८७ मध्ये मतभेदामुळे त्यांनी 'केसरी' सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. त्यांनी उत्तर दिले ते युक्तिवादाने. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दम्याने पोखरलेल्या देहाने १७ जून १८९५ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला, तेव्हा वय अवघे ३८ होते. 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी.

'विकारविलसित' रंगभूमीवर गाजले ते शाहूनगरवासी नाटक मंडळीमुळे. त्यातील हॅम्लेटचा, म्हणजे चंद्रसेनाचा, वेष घेणारे गणपतराव जोशी १९२२ मध्ये वारले, आणि आजही त्यांचे नाव प्रथम याच भूमिकेशी जोडले जाते.