मुद्दाम हरायचं की डोकं लावायचं?

समजा, तुमच्या आवडत्या टीमच्या मालकानं ठरवलं, की यंदा जिंकायचंच नाही. चांगले खेळाडू दुसऱ्यांना देऊन टाकायचे, मॅच अटीतटीची झाली की स्टार खेळाडूला बाकावर बसवायचं आणि गुणतक्त्यात थेट तळ गाठायचा. वेडेपणा वाटतो ना? पण अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये हा चक्क एक प्लॅन आहे. त्याला म्हणतात टँकिंग.

तिथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू ड्राफ्टमधून निवडले जातात आणि तळाच्या टीम्सना निवडीची संधी आधी मिळते. म्हणजे आज हरा आणि उद्याचा सुपरस्टार घेऊन जा! हे खरंच चालतं का? याचं उत्तर शोधताना एका माणसाचं आयुष्य वाचायलाच हवं. तो म्हणजे बोस्टन सेल्टिक्सचा रेड ऑरबॅक.

खरं नाव अरनॉल्ड. केस लालसर म्हणून सगळे रेड म्हणायचे. जन्म १९१७चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. वडील मिन्स्कहून आलेले ज्यू स्थलांतरित. त्यांचा कपडे ड्रायक्लीन करण्याचा धंदा होता. रेड बास्केटबॉलच्या जोरावर वॉशिंग्टनच्या कॉलेजात पोचला, पुढे शाळेत शिकवलं, युद्धकाळात नौदलात गेला. १९४६मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी तो वॉशिंग्टन कॅपिटॉल्सचा कोच झाला आणि पहिल्याच सीझनमध्ये टीमनं ६०पैकी ४९ मॅच जिंकल्या.

१९५०मध्ये तो बोस्टनला आला, तेव्हा सेल्टिक्सची अवस्था वाईट होती. आधीच्या सीझनमध्ये २२ विजय आणि ४६ पराभव. त्या पराभवांचं बक्षीस म्हणून ड्राफ्टमधली पहिली निवड त्यांना मिळाली. सगळं बोस्टन म्हणत होतं, की जवळच्याच कॉलेजात खेळणाऱ्या बॉब कूझीला घ्या. रेडनं ऐकलं नाही. त्यानं चार्ली शेअर नावाचा उंच सेंटर घेतला. हा शेअर सेल्टिक्सकडून एकही मॅच खेळला नाही! पण त्याच्यावरचा हक्क दुसऱ्या टीमला देऊन रेडनं बिल शारमन मिळवला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि कूझी? त्याचा हक्क शेवटी ज्या टीमकडे होता, ती बंद पडली. मग टोपीतून चिठ्ठ्या काढल्या गेल्या आणि नको असलेला कूझी बोस्टनच्याच पदरात पडला. तोही महान खेळाडू ठरला. म्हणजे रेडचं नशीबही जोरात होतं, हे मान्य करायला हवं.

त्याच ड्राफ्टमध्ये सेल्टिक्सनं चक कूपरला निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

पुढची सहा वर्षं सेल्टिक्स बऱ्यापैकी खेळत राहिले, पण विजेतेपद काही मिळेना. आजचे टँकिंगवाले म्हणतील, की हीच सगळ्यात वाईट जागा. ना वर, ना खाली. सगळं मोडा आणि तळाशी जा. रेडनं तसं केलं नाही. १९५६मध्ये त्याला बिल रसेल हवा होता. दुसरी निवड सेंट लुईस हॉक्सकडे होती. रेडनं त्यांना एड मकॉली आणि क्लिफ हेगन असे दोन चांगले खेळाडू दिले आणि रसेलचा हक्क घेतला. मकॉली मूळ सेंट लुईसचा, त्यात मुलगा आजारी, त्यामुळे त्यालाही घरी जायचं होतं. त्याच सीझनमध्ये सेल्टिक्स पहिल्यांदा चॅम्पियन झाले. १९५९ ते १९६६ तर सलग आठ वेळा! रेड कोच असताना एकूण नऊ विजेतेपदं आली आणि त्या १६ वर्षांत एकाही सीझनमध्ये टीमचे पराभव विजयांपेक्षा जास्त नव्हते.

माणूस मात्र साधासरळ नव्हता. रेफरीवर ओरडायचा, दंड भरायचा. जिंकणं पक्कं झालं की मॅच संपण्याआधीच बाकावर सिगार पेटवायचा. प्रतिस्पर्ध्यांचा किती जळफळाट होत असेल! १९६६मध्ये त्यानं कोचिंग सोडलं आणि ते पद रसेलकडे दिलं. एनबीएचा तो पहिला कृष्णवर्णीय हेड कोच.

मग रेड पूर्णवेळ मॅनेजर झाला आणि त्याचं खरं डोकं दिसलं. १९७८मध्ये पाच टीम्सनी लॅरी बर्डला सोडलं, कारण त्याचं कॉलेजचं एक वर्ष बाकी होतं. रेड वर्षभर थांबायला तयार होता. बर्ड आला आणि २९ विजयांवरून टीम ६१ विजयांवर गेली. १९८०ची गंमत तर वेगळीच. ६६ मॅच हरली डेट्रॉइट पिस्टन्स, पण आधीच्या एका व्यवहारामुळे पहिली निवड मिळाली सेल्टिक्सला! रेडनं तीही वापरली नाही. ती गोल्डन स्टेटला देऊन त्यानं रॉबर्ट पॅरिश आणि तिसरी निवड घेतली. त्या निवडीतून आला केविन मकहेल. बर्ड, पॅरिश, मकहेल या तिघांनी १९८१, १९८४ आणि १९८६ची विजेतेपदं आणली. रेडच्या नावावर आता एकूण १६ होती.

१९८६मध्ये चॅम्पियन असूनही, जुन्या व्यवहारातून दुसरी निवड त्याच्याकडे होती. त्यानं लेन बायसला घेतलं. दोन दिवसांत कोकेनच्या अतिसेवनानं तो २२ वर्षांचा मुलगा गेला. हिशेब कितीही पक्का असला, तरी समोर माणूस असतो, हे सेल्टिक्सला फार कठोरपणे कळलं.

एव्हाना एनबीएनंही नियम बदलला होता. टीम्स मुद्दाम हरतात असा संशय वाढल्यामुळे १९८५पासून लॉटरी आली. १९९६-९७च्या सीझनमध्ये सगळ्यांचा डोळा टिम डंकनवर होता. रेड तेव्हा ७९ वर्षांचा, टीमची सूत्रं दुसऱ्यांच्या हाती. सेल्टिक्सनं ८२पैकी ६७ मॅच गमावल्या. मुद्दाम, असं तेव्हा बहुतेकांना वाटलं. लॉटरीत सर्वाधिक शक्यता त्यांचीच होती. डंकन गेला सॅन अँटोनियोला. बोस्टनला तिसऱ्या निवडीत चॉन्सी बिलप्स मिळाला, तर त्याला सीझन संपायच्या आतच दुसरीकडे पाठवलं. प्लेऑफ पुन्हा दिसलं २००२मध्ये.

याला दुसरी बाजूही आहे. हरण्याचा फायदा सॅन अँटोनियोला झालाच. डंकननं त्यांना पाच विजेतेपदं मिळवून दिली. पण त्यांच्याकडे डेव्हिड रॉबिन्सन आधीपासून होता. दुखापतीमुळे तो जवळजवळ सगळा सीझन बाहेर बसला, म्हणून ते तळाशी गेले होते. म्हणजे डंकन एका बांधलेल्या टीममध्ये आला.

रेड २८ ऑक्टोबर २००६ला वारला. त्याच सीझनमध्ये सेल्टिक्स सलग १८ मॅच हरले आणि लॉटरीतही घसरून थेट पाचव्या क्रमांकावर गेले. पण यावेळी त्यांनी रेडचाच जुना मार्ग धरला. पाचवी निवड देऊन रे ॲलन आणला, तरुण खेळाडू देऊन केविन गार्नेट आणला आणि २००८मध्ये सेल्टिक्स चॅम्पियन झाले.

२०१९मध्ये एनबीएनं तळाच्या तिन्ही टीम्सची पहिल्या निवडीची शक्यता सारखीच, १४ टक्के केली. म्हणजे सगळ्यात वाईट खेळूनही सातपैकी सहा वेळा हात रिकामेच. त्यासाठी वर्षभर हरायचं, प्रेक्षकांनी तिकीट काढून ते बघायचं आणि विशीतल्या पोरांनी हरायची सवय लावून घ्यायची. मला तरी हा सौदा महाग वाटतो. रेडनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पराभवांतून टीम बांधली. स्वतःच्या टीमला मात्र तो जिंकायलाच पाठवायचा.