बाळू पालवणकर

बाळू पालवणकर हे आपल्या देशाचे पहिले थोर फिरकी गोलंदाज होते. त्यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. त्यांचे वडील लष्करात नोकरीला होते. पुण्याला इंग्रजांच्या क्लबात बाळू महिना ४ रुपयांवर काम करीत. साहेब लोकांना ते तासन्‌तास बॉल टाकायचे. पण बॅट कोणी त्यांच्या हातात देत नसे.

बाळू चर्मकार समाजाचे होते. तेव्हा लोक अस्पृश्यता पाळत. पुढे ते पुण्यातच हिंदूंच्या क्लबाकडून खेळले. मैदानात सगळे एकाच बॉलला हात लावत. पण चहाच्या सुट्टीत बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा देत. बॉल चालतो तर कप का चालत नाही, हे मला कळत नाही.

नंतर ते मुंबईला गेले. १९०६ साली हिंदू संघाने इंग्रजांच्या संघाला १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम होते. १९११ साली इंग्लंडला जाऊन बाळूंनी ११४ गडी बाद केले. तरी कप्तानपद त्यांना मिळाले नाही.

१९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कप्तान झाले. इंग्रजांना हरवल्यावर मॅच बघायला आलेल्या लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले.

बाळू १९५५ साली मुंबईत वारले.

आपण पण गावातल्या मॅची बघायला जातो. जो चांगला खेळेल त्याला टाळ्या वाजवू, मग तो कोणत्या पण आळीचा असो. आणि पाणी सगळे एकाच मडक्यातले पिऊ.

इयत्ता ४ थी