खाणीत उतरलेले मजूरमंत्री

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आम्ही दरवर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला विद्यार्थ्यांसमोर मांडतो. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, राज्यघटना आणि नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे आमच्या मुलांना तोंडपाठ असतात. १९४२ ते १९४६ या चार वर्षांचा उल्लेख मात्र बहुधा एका वाक्यात आटोपतो. आमच्या वसतिगृहातील काही मुलांचे आईवडील गिट्टीच्या खदानीत राबतात. सुट्टीहून परतलेली मुले वडिलांच्या खोकल्याविषयी, सुरुंगाच्या दगडाने जायबंदी झालेल्या काकाविषयी सांगतात, तेव्हा ही चार वर्षे आपण विसरता कामा नयेत असे आम्हांस तीव्रतेने वाटते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. पुढे हे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीत राहिले. कोलंबिया व लंडन येथील उच्च विद्या संपादन करून परतल्यावरही बाबासाहेबांनी अनेक वर्षे परळच्या चाळीतच काढली. गिरणीचा भोंगा, पाळीवरून परतणारे थकलेले लोक आणि अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात मिळणारा नकार हे सारे त्यांनी जवळून पाहिले होते. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतिलाभ विधेयकास त्यांनी पाठिंबा दिला, १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३८ साली संपाचा हक्क आक्रसणाऱ्या विधेयकाविरुद्ध कामगारांचा मोठा संप घडविण्यात पुढाकार घेतला. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले, तेव्हा कामगारांचे जिणे त्यांना नवे नव्हते.

त्या काळातील कोळसा खाण म्हणजे काय, हे आज कल्पनेनेच जाणावे लागते. कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब राखले जात. पुढे तेही काढले की छत खचे. साचलेला ज्वालाग्राही वायू आणि हवेत उडणारी कोळशाची भुकटी एका ठिणगीने पेट घेई. डिसेंबर १९३६ मध्ये राणीगंज क्षेत्रातील पोईडीह खाणीतील स्फोटात २०९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९३९ साली खाणीतील पोकळ्या वाळूने भरण्याची तरतूद करणारा सुरक्षा कायदा झाला. पण कामगाराची वस्ती, त्याचे पाणी, त्याचे आजारपण आणि त्याची मुले यांची जबाबदारी घेणारे कोणी नव्हते.

अशा वेळी बाबासाहेबांच्या वाट्यास एक अत्यंत अवघड निर्णय आला. स्त्रियांना खाणीत भूमिगत कामास लावण्यास १९३७ पासून पूर्ण बंदी होती. महायुद्धाच्या धामधुमीत खाणकामगार अधिक मजुरीच्या लष्करी बांधकामांकडे वळले, कोळसा कमी पडू लागला, आणि रेल्वे व कारखाने अडण्याची वेळ आली. १९४३ साली सरकारने ही बंदी उठविली; प्रथम मध्य प्रांतात आणि नंतर बिहार व बंगालमध्ये. हा निर्णय बाबासाहेबांच्या खात्याचा होता. त्यावर देशात आणि देशाबाहेर कठोर टीका झाली आणि मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांना उत्तर द्यावे लागले. ही आणीबाणीतील तात्पुरती तजवीज आहे, अशी त्यांची भूमिका होती. स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळावी आणि ठेंगण्या बोगद्यांत त्यांना पाठवू नये, अशा अटीही घालण्यात आल्या होत्या. समान कामास समान दाम हे तत्त्व या निमित्ताने मान्य झाले, याकडे त्यांनी सभागृहाचे लक्ष वेधले.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगत आहोत. थोरांच्या चरित्रातील अवघड पाने गाळून टाकणे म्हणजे श्रद्धा नव्हे. टीकाकारांचे म्हणणे निराधार नव्हते. गर्भवती स्त्रीने जमिनीखाली कोळसा वाहावा, हे कोणत्याही काळी दुःखदच. परंतु बाबासाहेब कागदावर सही करून दिल्लीत स्वस्थ बसले नाहीत, हेही तितकेच खरे. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद परिसरात गेले आणि झरिया क्षेत्रातील भुलनबरारी खाणीत सुमारे ४०० फूट खाली उतरले. तेथील काम त्यांनी स्वतः पाहिले, कामगारांची घरे पाहिली आणि त्यांच्याशी बोलणे केले. ज्या माणसांविषयी निर्णय घ्यायचा, त्यांच्यापर्यंत जाऊन पाहायचे, ही त्यांची रीत होती.

या भेटीनंतर महिना-दोन महिन्यांतच, ३१ जानेवारी १९४४ रोजी, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्यातून घरे, पिण्याचे पाणी, दवाखाने आणि शिक्षण यांची सोय करावयाची, अशी ही योजना होती. कल्याण हे मालकाच्या मर्जीवरील दान न राहता उत्पादनाच्या खर्चाचाच एक भाग ठरले, हे तिचे मर्म होय. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघरे असावीत, असे नियम १९४६ साली आले. आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी पुन्हा लागू झाली. तात्पुरते म्हटलेले तात्पुरतेच राहिले.

पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जे कार्य केले, त्यातही खाणीतील माणूस दिसतो. चौदा वर्षांखालील कोणत्याही बालकास कारखान्यात अथवा खाणीत कामास ठेवता येणार नाही, असे अनुच्छेद २४ सांगतो. कामाची परिस्थिती न्याय्य व माणुसकीची असावी आणि प्रसूतिसाहाय्य मिळावे, असे अनुच्छेद ४२ सांगतो. आमच्या शाळेतील मुले हातोड्याऐवजी पाटी-पुस्तक हाती धरतात, त्यामागे या ओळींचे बळ आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बुद्धांच्या धम्माचा स्वीकार केला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणास केलेल्या उपदेशात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: सेवकास त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी आणि योग्य वेळी विश्रांती द्यावी. बाबासाहेबांच्या मजूर खात्यातील कार्याकडे पाहिले की हा उपदेश कायद्याच्या भाषेत उतरल्याचा प्रत्यय आम्हांस येतो.

आजही खदानींतून धूळ उडते, आणि तोंडाला फडके बांधून स्त्री-पुरुष गिट्टी फोडतात. ती धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. गेलेले बळ कोणत्याही औषधाने परत येत नाही. दगडावर पाणी मारून धूळ दाबणे, योग्य मुखपट्टी देणे, सुरुंगापूर्वी माणसे दूर नेणे आणि नियमित तपासणी करणे हे उपाय अशक्य नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांतून उद्या कोणी अभियंता होईल, कोणी डॉक्टर, कोणी खाण निरीक्षक. त्याने खुर्चीवर बसण्याआधी एकदा खाली उतरून पाहावे. महामानवाला आमचे तेच खरे अभिवादन ठरेल.