दिवेवालीची हिशेबाची वही

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी परिचारिका आठवते. शाळेतल्या धड्याने आपल्याला तेवढीच ओळख करून दिली. पण मैत्रिणींनो, या बाईचा दिवा जितका प्रसिद्ध आहे, तितकीच तिची वही असायला हवी होती. गणिताची तिला भारी आवड. जन्म 12 मे 1820 चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला, म्हणून नावही तेच. घर खानदानी आणि पैसेवालं. वडिलांनी मुलींना स्वतः शिकवलं. पण मुलगी नर्स व्हायचं म्हणते म्हटल्यावर आई आणि बहिणीने घर डोक्यावर घेतलं! त्या काळी नर्सचं काम म्हणजे हलकं काम. चांगलं स्थळ चालून आलं, तेही तिने नाकारलं. शेवटी 1851 साली जर्मनीत जाऊन तिने शुश्रूषेचं शिक्षण घेतलंच.

1854 च्या नोव्हेंबरात क्रिमियाच्या युद्धासाठी ती 38 जणींना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली. काय अवस्था होती तिथली! इमारतीखालची गटारं तुंबलेली, उंदीर, घाण, जमिनीवर ओळीने पडलेले जवान. तिने स्वयंपाकघर, कपडे धुणं, पट्ट्या, सगळं मार्गी लावलं. तरीही माणसं मरतच राहिली. फेब्रुवारी 1855 मध्ये तर दाखल झालेल्या शंभरातले चाळीसच्या वर दगावले. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोगाची माणसं आली, गटारं उपसली, पाण्याची वाट साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत तोच आकडा शंभरात दोनच्या आसपास उतरला.

आपण असतो तर म्हटलं असतं, झालं ना कमी, सुटलो बाई! हिने मात्र इंग्लंडला परतल्यावर त्या मृत्यूंच्या नोंदी समोर घेतल्या. त्याही धड नव्हत्या, एका वहीतला आकडा दुसऱ्या वहीशी जुळेना. विल्यम फार नावाचे जन्ममृत्यूच्या आकड्यांचे जाणकार तिच्या मदतीला आले. हिशेबातून निघालं ते भयंकर होतं. एकट्या जानेवारी 1855 मध्ये सैन्यात जखमांनी मेले 83 आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी 2,761! शत्रूच्या गोळीपेक्षा आपल्याच इस्पितळाने आणि छावणीने जास्त माणसं मारली होती. आणि त्यातलं एक इस्पितळ खुद्द तिच्या देखरेखीतलं होतं.

फारसाहेबांचं मत असं, की आकडे कोरडेच असावेत. हिला ते पटलं नाही. मंत्री आणि राणी कोष्टकं थोडीच वाचणार? तिने गोल चित्र काढलं. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, रोगाने झालेले मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे लाल, इतर काळे. निळा रंग इतका पसरलेला, की न वाचताही कळावं. शिवाय तिने आणखी एक तुलना केली. युद्ध नसताना, मायदेशातल्या बराकीत राहणारे तरुण सैनिक त्याच वयाच्या साध्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत होते. त्याच वयाच्या, हे महत्त्वाचं. आपणही दोन वर्षांच्या पोराचं वजन त्याच्या दहा वर्षांच्या दादाशी ताडून पाहत नाही ना! औषधाची परीक्षा घेताना आजचे डॉक्टरही सारख्याची सारख्याशीच तुलना करतात. 1858 साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सदस्य करून घेतलं. तिथली ती पहिली स्त्री.

पण मला तिची सर्वांत मोठी परीक्षा वाटते ती बाळंतिणींच्या वॉर्डाची. लोकवर्गणीतून जमलेल्या तिच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात खेड्यांतल्या सुइणी शिकवण्यासाठी एक वॉर्ड सुरू झाला होता. तिचाच उपक्रम, तिचंच नाव. आणि तिथे बाळंतज्वराने बायका मरू लागल्या. तिने हिशेब मांडला. या वॉर्डात हजारी 33 मृत्यू आणि सबंध इंग्लंडमध्ये, जिथे बहुतेक बाळंतपणं घरीच होत, हजारी 5. म्हणजे झोपडीत बाळंत होणारी गरीब बाई तिच्या वॉर्डातल्या बाईपेक्षा सुरक्षित! 1867 साली वॉर्ड बंद झाला. एवढ्यावर न थांबता तिने ठिकठिकाणचे आकडे गोळा करून 1871 मध्ये पुस्तक काढलं. नोंदी अपुऱ्या आहेत, हेही त्यात सांगून टाकलं. अर्पणपत्रिका कुणाला, तर सॉक्रेटिसच्या आईला. ती सुईण होती म्हणे.

हे सगळं तिने बहुतेक अंथरुणातून केलं. क्रिमियात लागलेलं दुखणं पुढे बरीच वर्षं सुटलं नाही. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही, पण इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून तिने माहिती मागवली. इथल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी 69 होता. पाणी आणि सांडपाण्याकडे लक्ष गेल्यावर 1873 पर्यंत तो 18 वर आला. पुढे तिचं लक्ष आपल्या खेड्यांकडे वळलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

1891 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तिने ऑक्सफर्डमध्ये संख्याशास्त्राचा प्राध्यापक नेमावा म्हणून खटपट केली. ते काही जमलं नाही. 13 ऑगस्ट 1910 रोजी ती गेली, नव्वदाव्या वर्षी. वेस्टमिन्स्टर ॲबेत थोरामोठ्यांच्या शेजारी जागा देऊ केली होती, घरच्यांनी तिच्या इच्छेप्रमाणे नको म्हटलं. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावात घरच्यांच्या थडग्यात तिला पुरलं. दगडावर तिचं पूर्ण नावही नाही. नुसती एफ. एन. ही अक्षरं आणि जन्ममृत्यूची नोंद.